झडतीबाई

आमच्या दवाखान्यात गोळी नुसती गिळून भागत नसे. गिळल्यावर तोंड उघडायचं, जीभ टाळूला लावायची, मग डावा गाल, मग उजवा गाल. सिस्टर बोटाने गाल बाजूला ओढून आत बघायच्या आणि गोळी खरोखर पोटात गेल्याची खात्री पटली की म्हणायच्या, "जा आता." यातून कुणाची सुटका नव्हती. पाटलाची नव्हती, शाळेच्या हेडमास्तरांची नव्हती. मला हिवताप आला तेव्हा माझीही झाली नाही, आणि मी तर त्याच दवाखान्याचा कंपाउंडर होतो. ती गोळी मीच बरणीतून काढून आणली होती.

गावाने त्यांचं नाव झडतीबाई ठेवलं होतं. उंच, हडकुळ्या, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि नजर अशी की समोरच्याने काही केलेलं नसलं तरी त्याला आपलं काहीतरी आठवावं. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. "माणूस घरी खरं बोलत असेल, कंपाउंडर," त्या मला म्हणायच्या, "पण औषधाच्या बाबतीत बोलत नाही. अर्धी गोळी थुंकेल, अर्धी लेकराला देईल, आणि तुम्हाला सांगेल की गुण नाही आला."

यात खोटं काही नव्हतं. आमचं गाव बोरी अरबपासून आत, कच्च्या रस्त्याला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडदा आणि व्हरांड्यातला बाक. डॉक्टर नेरहून फक्त बाजाराच्या दिवशी यायचे, बाकी सारा कारभार सिस्टरांचा. लोक औषध न्यायचे आणि बाटली देवळीत ठेवून वर अंगारा लावायचे. दूध सांगितलं तर पाणी घातलेलं आणायचे. म्हणून सिस्टर दुधाचा वास घ्यायच्या, उशी उचलून खाली काय आहे ते बघायच्या, बाळंतिणीच्या खाटेखाली वाकायच्या. एकदा पलीकडच्या तांड्याच्या प्रमुखाचं, म्हाताऱ्या नाईकाचं तोंड त्यांनी असंच उघडायला लावलं. भर व्हरांड्यात, तांड्याच्या माणसांदेखत. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण म्हातारा हसला आणि मला म्हणाला, "बैल घेतानी आमी दात पाह्यतो ना, तशी बाई आमचे पाह्यते. पाहू दे. घेनार तं नाई." त्यानंतर तांड्यावरचं माणूस आलं की न सांगता तोंड उघडायचं.

संशय घेण्यात त्या भेदभाव करत नसत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. सरकारवरही घेत. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि सिस्टरांना नागपूरला मिळालेल्या नोंदणीच्या कागदावर जुन्या राज्याचा शिक्का होता. नवं सरकार तो मानतं की नाही, ही काळजी त्यांना कायम. तो कागद काचेच्या चौकटीत घालून त्यांनी आपल्या खोलीत खाटेच्या डोक्याशी लावला होता. तिथे देवाची तसबीर नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हा कागद नसता तर मी भावाच्या घरी भांडी घासत असते. वहिनी म्हणेल तेव्हा जेवायचं, म्हणेल तेव्हा उठायचं. देवाने ते चुकवलं नाही, या कागदाने चुकवलं."

त्या कागदावरच एक दिवस गदा आली.

गावात काशीबाई म्हणून एक विधवा होती. थोडं शेत, एक मुलगी, आणि वर्षभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी. तिच्या नावाची थुंकीची बाटली यवतमाळला तपासायला गेली आणि क्षय निघाला. बाजाराच्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिला, दारात उभ्या काशीबाईला लांबूनच पाहिलं आणि इंजेक्शनं लिहून दिली. क्षय म्हटल्यावर तेही फार जवळ जात नसत. ही इंजेक्शनं सरकारी, फुकट आणि मोजकी. रोग्याच्या नावावर यायची आणि त्याच नावावर खर्ची पडायची. काशीबाई ठरलेल्या दिवशी यायची. सोबत तिची मुलगी वच्छी असायची. दोघी सिस्टरांबरोबर पडद्याआड जायच्या, सिस्टर बाहेर येऊन नोंद करायच्या, आणि मायलेकी घरी जायच्या.

मला आधी वेगळाच संशय आला. काशीबाई सकाळी सुई घेते आणि दुपारी माझ्या डोळ्यांदेखत कापूस वेचते, हे काही जमेना. ही इंजेक्शनं बाहेर चढ्या भावाने जात होती, हे मला ठाऊक होतं. सिस्टरांचं पातळ नवं आहे का, चपला नव्या आहेत का, हेही मी बघून घेतलं. त्यांच्याच हाताखाली राहून मीही झडतीवाला झालो होतो. मग एक दिवस पडद्याआडून बाहेर आल्यावर वच्छी बाकावर टेकली. टेकली ती एका कुशीवर, अंग चोरून. कंबरेखाली सुई टोचलेलं माणूस जसं बसतं तशी. माझी नजर तिच्यावर, आणि सिस्टरांची माझ्यावर.

"काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"बरं पाहिलंत," त्या म्हणाल्या आणि टेबलापाशी गेल्या.

रोग वच्छीला होता. बाकीचं मला पुढे हळूहळू कळलं. तिची सोयरीक नेरच्या चांगल्या घरात ठरत आली होती, आणि क्षय झालेली पोरगी म्हटल्यावर नेरच काय, कुठल्याच गावातून कुणी फिरकलं नसतं. म्हणून थुंकी पोरीची आणि नाव आईचं. ही युक्ती काशीबाईची. सिस्टरांनी तिला एकच अट घातली होती: कोर्स पुरा होईपर्यंत लग्न नाही, त्या घरातल्या माणसाला आजार द्यायचा नाही. काशीबाईने मयत झालेल्या एका नातलगाचं निमित्त काढून लग्न वर्षभर पुढे ढकललं. सिस्टरांचा त्यावरही विश्वास नव्हता. गुरुजींकडे जाऊन मुहूर्त खरंच पुढचा काढला आहे का, ते त्या विचारून आल्या.

काशीबाईने सोंगही चांगलं वठवलं होतं. दवाखान्यात आली की खोकायची. पदर तोंडाला लावून, खाली वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाकावरचे लोक सरकून बसायचे. एकदा पडद्याआडून सिस्टरांचा आवाज मला ऐकू आला, "अहो, एवढं खोकू नका. इथं कोणी पाहत नाही." आणि दोघी मायलेकी हसल्याचंही ऐकू आलं.

कोर्स संपत आला होता. वच्छी अंगाने भरली, ताप गेला, लग्नाची तिथी अक्षय तृतीयेनंतरची धरली. अशा वेळी वर अर्ज गेला. निनावी. त्यात लिहिलं होतं की या दवाखान्याची सिस्टर धडधाकट बायांना कागदावर क्षयरोगी करते आणि इंजेक्शनं परस्पर विकते. काशीबाई नावाची रोगी रोज वावरात राबते, गावात कुणालाही विचारा. नोंदी खोट्या ठरल्या तर नोकरी जाणार होतीच, पण सोबत नोंदणीही रद्द होणार होती. म्हणजे तो काचेतला कागद.

अर्ज कुणी केला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवसांत मात्र सगळं गाव एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होतं. दाईचं गिऱ्हाईक सिस्टरांनी तोडलं होतं, वैद्यबुवांच्या पुड्या त्यांनी उकिरड्यावर फेकल्या होत्या, नेरच्या पाहुण्यांची एक आत्या उगाचच दोनदा गावात येऊन गेली होती. सिस्टरांनी सगळ्यांवर संशय घेतला आणि मग तो माझ्यावर येऊन थांबला. मला सरळ विचारलं नाही. एका सकाळी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर ठेवून म्हणाल्या, "बाटल्यांवर लावायला लिहा. पोटात घेण्याचे औषध. बाहेरून लावण्याचे औषध. सावकाश लिहा." मी लिहीत गेलो आणि त्या माझ्या 'ध'कडे बघत उभ्या राहिल्या. मूळ अर्ज त्यांना दाखवला गेला होता, हे मला माहीत होतं. शेवटी न राहवून मी म्हटलं, "सिस्टर, अर्ज मी नाही केला."

"मी कुठे म्हटलं?" त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं आहे तुमचं." आणि चिठ्ठ्या कपाटात ठेवून दिल्या.

चौकशीला यवतमाळहून साहेब आले. जीप थांबताच अर्धं गाव व्हरांड्यात. साहेबांनी काशीबाईला उभं केलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "मलेच सुई देली बाईनं. मी काहून खोटं बोलू सायेब?"

"मग वावरात कशी जाता?"

"नाई गेली तं खाऊ काय?"

लोक हसले. दाराशी वच्छी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती एक पाऊल पुढे आली. आता ही बोलणार, हे मला दिसलं. सिस्टरांनाही दिसलं. "ए पोरी, बाहेर थांब," त्या इतक्या तुसडेपणाने म्हणाल्या की ती मागे हटली. साहेबांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई म्हणते रोगी, अर्ज म्हणतो धडधाकट. छातीचा फोटो काढू. फोटो खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे यवतमाळच्या मोटारीत बसलो. सिस्टर, काशीबाई आणि कागदपत्रं सांभाळायला मी. मोटार हलताच काशीबाई सिस्टरांकडे सरकून हळूच म्हणाली, "बाई, मी सांगून देतो सायबाले. पोरीचं जे व्हईल ते व्हईल. तुमची रोटी कायले जाऊ देऊ?"

"लग्न कधी आहे?"

"आखजी झाली की."

"मग गप्प बसा."

पुढे सगळी वाट त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना मला एवढंच म्हणाल्या, "फोटो साफ येणार. चौकट मी भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवून आले आहे. उगाच रिकामी भिंत बघून लोकांत चर्चा नको, म्हणून तिथे कॅलेंडर लावलंय."

फोटो साफ आला नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो खिडकीशी उजेडात धरला आणि साहेबांना जवळ बोलावलं. दोन्ही बाजू पोखरलेल्या होत्या. आजार जुना होता, वर्षानुवर्षांचा. साहेबांनी कागदपत्रं मिटली. "रोगी खरी, नोंदी खऱ्या," ते सिस्टरांना म्हणाले. "लोक उगाच अर्ज करतात. तुम्ही जाऊ शकता." मला वाटलं, सिस्टर निदान एक श्वास तरी मोकळा सोडतील. पण त्या डॉक्टरांकडे बघत होत्या. डॉक्टर काशीबाईच्या कागदावर लिहीत होते आणि लिहिता लिहिता सांगत होते की एवढी इंजेक्शनं देऊनही ही अवस्था, म्हणजे हिला हे औषध लागू होत नाही. आता आणखी वाया घालवण्यात अर्थ नाही, दुसरे रोगी रांगेत आहेत. घरी न्या, दूध-अंडी द्या, पोरीला जवळ झोपू देऊ नका.

व्हरांड्यात आल्यावर काशीबाईला ढास लागली. पदर तोंडाला लावून, खाली वाकून, अगदी तशीच. सिस्टरांनी तिच्या हातातून पदर ओढून घेतला, उलगडला आणि बोटांनी चाचपला. ताजा लाल ठिपका होता. त्याच्या आजूबाजूला धुऊनही न गेलेले कितीतरी तपकिरी डाग होते. इतक्या लोकांच्या उशा उचलणाऱ्या बाईने तो पदर कधी उलगडला नव्हता.

"कधीपासून?"

"पोरीच्या दुखन्याच्या आंधीपासून," काशीबाई म्हणाली. "मले वाटे चुलीचा धूर हाये."

"मला का नाही सांगितलं?"

काशीबाईला प्रश्न कळलाच नसावा. ती साधेपणाने म्हणाली, "तुमीच तं म्हनल्या बाई, एवढं खोकू नका, अठी कोनी पाह्यत नाई. मले वाटलं, खोकनं बरं नाई दिसत."

सिस्टर बाकावर बसल्या. मी त्यांना कधी बसलेलं फारसं पाहिलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर खऱ्या वाटणाऱ्या माणसांत खोटं शोधलं होतं, आणि ही एक बाई त्यांच्यासमोर वर्षभर खरं खोकत होती. पोरीला आजार आईकडूनच लागला होता. आणि आईच्या वाट्याचं औषध आईच्याच नावावर संपलं होतं. आता ते तिला पुन्हा मिळायचं तर एकच वाट होती, आणि ती मलाही समजली. मी म्हटलं, "सिस्टर, घरी चला. सावकाश बघू काहीतरी."

"सावकाश वेळ आहे का तिच्याकडे?" त्यांनी विचारलं. मग पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे धरला. "तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

त्या सांगत गेल्या आणि मी लिहिलं. या नावावर दाखवलेलं एकही इंजेक्शन या बाईला दिलेलं नाही, तिच्यावर उपचार सुरूच झालेले नाहीत, तरी ते पहिल्यापासून सुरू करावेत, नोंदी मी केल्या आहेत. इतकंच. मी माझ्या पदरचा एक शब्द घातला होता, 'नजरचुकीने'. सिस्टरांनी सही करण्यापूर्वी कागद ओळीवर बोट ठेवून वाचला, त्या शब्दापाशी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि तो खोडला.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी ज्या बाईला निर्दोष सोडलं होतं ती स्वतः फासाचा दोर घेऊन परत आली होती. "मग इंजेक्शनं गेली कुठे?" त्यांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"विकलीत?"

"तसं लिहायचं असेल तर तसं लिहा," सिस्टर म्हणाल्या. "पण हिचा कागद आधी बदला. माझ्यासमोर."

कागद बदलेपर्यंत त्या टेबलापासून हलल्या नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून घेतलं, शिक्का नीट उमटला आहे का ते पाहिलं, नाव बरोबर आहे का ते पाहिलं. नाव काशीबाईचंच होतं. या वेळी ते खरं होतं.

नोंदणी रद्द व्हायला फार काळ लागला नाही. वच्छीचं लग्न आखजीनंतर झालं. सिस्टरांना आमंत्रण होतं, पण गेल्या तर लोक दोन आणि दोन जोडतील, म्हणून त्या गेल्या नाहीत. गावाला हवं ते मिळालं होतं. इंजेक्शनं विकणारी बाई पकडली गेली, असं लोक एकमेकांना सांगत आणि तोंड उघडायला लावण्याच्या जुन्या गोष्टी उगाळून हसत. मी कुणाला काही सांगू शकत नव्हतो. मला गावाचा संताप यायचा, आणि गप्प राहण्याची शपथ न घालता मला गप्प बसवून गेल्याबद्दल सिस्टरांचाही यायचा.

त्या भावाकडे निघाल्या त्या दिवशी मी ट्रंक घेऊन मोटारीपर्यंत गेलो. कुलूप त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. चौकट जमा करावी लागली होती, ट्रंक हलकी होती. मोटार सुरू झाल्यावर खिडकीतून वाकून म्हणाल्या, "इंजेक्शनाबरोबर काशीबाईला गोळ्याही आहेत. गिळते म्हणाली तरी विश्वास ठेवू नका. जीभ वर करून बघा."

"आता तिला कशाला हो? तिचा जीव वाचतोय त्यात."

"बघा," त्या म्हणाल्या. मोटार गेली. पुढे महाराष्ट्र झाला, मीही बदलून दुसरीकडे गेलो, पण त्या मला पुन्हा भेटल्या नाहीत. भावाचा पत्ता मी विचारला होता. तो त्यांनी दिला नव्हता.

काशीबाईला गोळ्या देण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा पहिले काही दिवस मी बघितलं नाही. एका विधवा बाईच्या तोंडात काय डोकवायचं, असं वाटलं. मग एका सकाळी ती पाणी पिऊन उठली, 'येतो भाऊ' म्हणाली, आणि ते म्हणताना तिची जीभ जड वाटली. मी म्हटलं, "काशीबाई, तोंड उघडा."

तिने माझ्याकडे पाहिलं. हळूच तोंड उघडलं. मी म्हटलं, "जीभ वर."

गोळी जिभेखाली होती, अख्खी. "घरी डब्यात ठेवतो," ती खाली बघत म्हणाली. "पोरीले नेरले पाठवाले. तिले पुन्हा झालं तं?"

मी पेला पुन्हा भरला, तिच्या हातात दिला आणि ती गोळी गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. मग तिचा डावा गाल बघितला, मग उजवा. आणि म्हटलं, "जा आता."